भंगारात गेलेला कोबाल्ट

मंडळी, रेडिएशनवर व्याख्यान आहे म्हटल्यावर चेर्नोबिल येणार, फुकुशिमा येणार आणि शेवटी कुणीतरी जैतापूरचं विचारणार, हे मी धरूनच आलोय. प्रश्नोत्तरांत विचारा, हरकत नाही. पण माझं आयुष्य रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात गेलं, आणि मला विचाराल तर आपल्या देशात या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण अणुभट्टीत घडलेलंच नाही. ते पश्चिम दिल्लीत, मायापुरीच्या भंगार बाजारात घडलं. 2010 साली.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा सेल होता, म्हणजे वस्तूंवर गॅमा किरणांचा मारा करायचं यंत्र. शिशाचं जाडजूड कवच आणि आत कोबाल्ट-60 च्या, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्टच्या, कांड्या. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाहून आणलेला. 1985 पासून तो वापरात नव्हता. ज्यांनी तो आणला, ते निवृत्त झाले. खोलीत एक जड, निरुपयोगी वस्तू उरली. फेब्रुवारी 2010 मध्ये जुन्या सामानाच्या लिलावात तीही विकली गेली. शिसं महाग असतं, त्यामुळे भंगारवाल्याच्या दृष्टीने सौदा चांगला होता. कामगारांनी कवच फोडलं, आतल्या चकचकीत कांड्या बाहेर काढल्या, काहींचे तुकडे केले. एका व्यापाऱ्याने तर एक तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला.

एप्रिलमध्ये माणसं रुग्णालयात यायला लागली. कातडी काळी पडलेली, केस गळतायत, उलट्या. महिनाअखेरीस त्यांतला एक कामगार दगावला. आंतरराष्ट्रीय सात पातळ्यांच्या मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्म्यावर येतो. चाळीस वर्षांत हे निम्मं होणं सात-आठ वेळा झालं होतं. मूळ ताकदीचा दोनशेवा हिस्सा, फार तर, शिल्लक असेल. तेवढ्याने माणूस गेला. ‘जुनं झालंय, आता काय राहिलंय त्यात’ हे वाक्य आपण फ्रिजबद्दल म्हणतो तसं इथे म्हणता येत नाही.

पाकिटाचं म्हणाल, तर तिथे अंतराचा नियम आहे. उगम, म्हणजे किरण सोडणारी वस्तू, लहान असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर मारा चौथाई होतो. हाच हिशेब उलटा करा. एक मीटरवरून जेवढं लागतं, त्याच्या सुमारे दहा हजार पट एका सेंटीमीटरवर लागतं. त्या तुकड्याशेजारून चालत गेलेल्याला कदाचित काहीच कळलं नसतं. खिशात बाळगणाऱ्याच्या कमरेखालची कातडी भाजली.

हे भाजणं पेशींच्या आत होतं. गॅमा किरण शरीरातून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यातून डीएनएचे धागे तुटतात. एक धागा तुटला तर पेशी शेजारच्या धाग्यावरून तो सांधते. दोन्ही एकाच जागी तुटले तर सांधा चुकू शकतो. अशी पेशी लगेच मरत नाही. विभागायची वेळ आली की मरते. म्हणून ज्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना आधी फटका बसतो: अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं.

इथे लासलगावचा कांदा आठवा. तिथल्या कृषक केंद्रात 2002 पासून कोबाल्ट-60 समोरून कांदा नेतात. त्याला 60 ते 90 ग्रे (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) इतकी मात्रा देतात आणि कांद्याला कोंब फुटत नाही, कारण कोंबाच्या टोकाच्या पेशींचं विभाजन थांबतं. कांद्याच्या बाकीच्या पेशी विभागतच नसतात, म्हणून तो टिकतो. माणसाला साऱ्या अंगभर 4 ते 5 ग्रे एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. कारण तेच, पेशींचं विभाजन थांबणं. फक्त आपल्याला रक्त रोज नवं लागतं.

या आजाराचा सगळ्यात फसवा भाग म्हणजे मधला काळ. पहिल्या काही तासांत उलट्या होतात. मात्रा जितकी मोठी, तितक्या लवकर. मग बरं वाटायला लागतं. माणूस कामावर जातो. आत पांढऱ्या पेशी घटत असतात, पण जुन्या अजून फिरतायत म्हणून कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप, जंतुसंसर्ग, हिरड्यांतून रक्त. तोवर त्या उलट्यांचा आणि या तापाचा संबंध लावायला डॉक्टरकडे काही धागाच नसतो. भंगारवाल्याला ‘तुम्ही रेडिएशनजवळ होतात का’ असं कोण विचारणार?

ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात 1987 साली नेमकं असंच झालं, आणि मायापुरीपेक्षा फार वाईट. एका खासगी दवाखान्याने जागा बदलली आणि कॅन्सरवर लाइट, म्हणजे किरणांचे उपचार, द्यायचं सीझियम-137 चं यंत्र जुन्या पडक्या इमारतीत राहिलं. दोघांनी ते उचकटून भंगारात विकलं. इथे कोबाल्टसारखा घट्ट धातू नव्हता, मिठासारखी पावडर होती, जेमतेम 93 ग्रॅम. अंधारात निळसर चमकायची. भंगारवाल्याने ती कौतुकाने नातेवाइकांत वाटली. कुणी अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने पावडर लागलेल्या हातांनी खाल्लं. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडतायत हे भंगारवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं आणि तिने तो ऐवज पिशवीत घालून, बसने, आरोग्य खात्याच्या कचेरीत नेला. डॉक्टरांच्या आधी तिने निदान केलं, असं मी म्हणेन. ती वाचली नाही. ती मुलगी आणि आणखी दोघंही नाहीत. शहरातल्या 1,12,000 लोकांची तपासणी झाली. 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं. आणि त्या मुलीला पुरायला नेलं तेव्हा लोकांनी दगड मारले.

त्या दगडांमागची भीती समजून घ्यायला हवी. किरण अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं किंवा पोटात जाणं वेगळं. पहिल्यात माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. घरातल्या आजी कोबाल्टच्या यंत्रावर किंवा लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्रावर, लाइट घेऊन आल्या, तर नातवंडांनी त्यांच्या कुशीत झोपायला काही हरकत नाही. आमच्या विभागात कित्येक म्हाताऱ्यांची ताटवाटी वेगळी केलेली मी ऐकलीय, आणि दर वेळी वाईट वाटलंय. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात घेतलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं.

बरं, तुमच्या-माझ्या वाट्याला काय येतं? माती, दगड, हवेतला रेडॉन, आकाशातून येणारे किरण मिळून जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. सिव्हर्ट म्हणजे शरीराला होणाऱ्या अपायाच्या हिशेबाने धरलेलं मात्रेचं माप, मिलिसिव्हर्ट त्याचा हजारावा भाग. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या, म्हणजे किरणोत्सारी थोरियम असलेल्या, वाळूमुळे ती कित्येक पट जास्त आहे. तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्या वाळूमुळे कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही. छातीचा एक्स-रे 0.1 मिलिसिव्हर्टच्याही आत. पोटाचा सीटी स्कॅन मात्र आठ-दहा. रोज रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना आपल्याकडे पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 ची मर्यादा आहे.

हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या अभ्यासावरून ढोबळ हिशेब असा धरतात: 1000 मिलिसिव्हर्टला जीवघेण्या कर्करोगाची शक्यता साधारण पाच टक्क्यांनी वाढते. मात्रा लहान असली तरी धोका त्याच प्रमाणात राहतो, असं सावधगिरीने मानतात. तर 10 मिलिसिव्हर्टच्या एका स्कॅनला दोन हजारांत एक. भारतात नऊपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, म्हणजे त्या दोन हजारांत दोनशेहून जास्त जणांना तो एरवीही होणारच आहे. अपेंडिक्स फुटल्याची शंका असताना या ‘एका’ला घाबरून स्कॅन टाळणं शहाणपणाचं नाही. पण साध्या डोकेदुखीला, ‘एकदा सगळं बघूनच टाकू’ म्हणून, तेही लहान मुलाचा स्कॅन? मुलांच्या पेशी जास्त विभागतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं, म्हणून त्यांचा धोका जास्त. डॉक्टरांना सोनोग्राफीने भागेल का, असं जरूर विचारा. मोबाइल टॉवरचं म्हणाल तर त्याच्या लहरींत इलेक्ट्रॉन उडवण्याइतका जोरच नसतो. तो विषय आज सोडून देतो.

माझं म्हणणं इतकंच की धोका कुठे तयार होतो ते नीट बघा. मायापुरीत कुठलंही यंत्र बिघडलं नाही. त्या कोबाल्टचा धनी कोण, ही नोंद माणसांच्या निवृत्तीबरोबर हरवली. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून आहे, मुंबईत अणुशक्तीनगरला. उगम निकामी झाला की तो पुरवठादाराकडे किंवा ठरलेल्या ठिकाणी परत द्यावा लागतो, हा नियम तेव्हाही होता. नियम कपाटात, वस्तू दुसऱ्या खोलीत.

हे दिल्लीचंच दुखणं नाही. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडला. बटणांचं पोलाद भारतातून गेलेलं, त्याचा माग आपल्या खोपोलीकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यापर्यंत आला. भंगारात कुठूनतरी आलेला उगम भट्टीत वितळला होता. एकदा वितळला की तो शोधायचा कसा? मेक्सिकोत 1983 मध्ये असाच कोबाल्ट सळ्यांमध्ये गेला. सळ्यांचा एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेजवळून जाताना तिथला इशारा वाजला, म्हणून कळलं. म्हणजे योगायोगाने.

पिवळ्यावर तीन पाकळ्यांचं जे चिन्ह आपण लावतो, ते बऱ्याच जणांना पंख्याचं वाटतं. म्हणून 2007 मध्ये लाल रंगाचं नवं चिन्ह आणलं: कवटी, पळणारा माणूस, वरून येणारे किरण. ते आतल्या कवचावर लावायचं असतं, उघडणाऱ्याचा हात तिथेच थांबावा म्हणून.

सभागृहात काही डॉक्टर आहेत, एक-दोन फाउंड्रीवालेही दिसतायत. दवाखान्याचं जुनं एक्स-रे यंत्र वीज काढली की रेडिएशनच्या दृष्टीने मेलेलं असतं. त्याची विल्हेवाट नियमाने लावा, पण त्याला भ्यायचं कारण नाही. कोबाल्ट, सीझियम, इरिडियम यांना बटण नसतं. कारखान्यातली पातळी मोजायची गेज, वेल्डिंग तपासायचे रेडिओग्राफी कॅमेरे, यांची यादी काढा आणि त्यांचा जबाबदार माणूस निवृत्त व्हायच्या आधी नव्या माणसाकडून त्यावर सही घ्या. भंगारात आकाराच्या मानाने विलक्षण जड डबा आला, कुलूप असलेला किंवा खुणा खरवडलेला, तर गॅसकटर लावू नका. हात न लावता सगळ्यांना दूर करा, पोलिसांना आणि नियामक मंडळाला कळवा. मोजायचा मीटर काही हजारांत मिळतो. भंगार वितळवणाऱ्याने तो भट्टीपाशी नको, फाटकापाशीच ठेवावा.