लग्नाचा ॲडव्हान्स अडकला, तर सोडून देऊ नका

मंडळी, आपल्याकडे याद्या झाल्या की पहिली धावपळ हॉलसाठी. तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडे एकाच मुहूर्तामागे कितीतरी घरं फिरत असतात. मिळेल तो हॉल आपण धरतो. आचारी, मंडपवाला, फोटोग्राफर, सगळ्यांच्या हातावर ॲडव्हान्स ठेवतो. हा पैसा भिशीतून येतो, सोसायटीच्या कर्जातून येतो, कधी दागिने गहाण टाकून येतो. आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं की फोन येतो, ‘त्या तारखेला जमणार नाही.’ पैसे मागितले की उत्तर ठरलेलं, ‘सीझन संपू दे, बघू.’

यात मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. दुसरा हॉल कसाबसा मिळतो, अक्षता पडतात आणि घरातले वडीलधारे म्हणतात, ‘कार्य पार पडलं ना, आता कशाला वाद?’ वाद नकोच. पण पैसे मागा, शांतपणे आणि लेखी मागा.

बऱ्याच पावत्यांवर छापलेलं असतं, ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही.’ ते वाचून लोक गप्प बसतात. अहो, ते तुम्ही बुकिंग रद्द केलंत तर! समोरच्यानं स्वतःच शब्द मोडला, तर त्या ओळीच्या आधारावर पैसे दाबून ठेवता येत नाहीत. उलट 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 सांगतं की करार मोडल्यामुळे झालेलं नुकसानही त्यानं भरून द्यायचं. समजा हॉल 40 हजारांना ठरला, 15 हजार दिले, आणि ऐनवेळी तसलाच हॉल 60 हजारांना घ्यावा लागला. मग 15 हजार परत मागायचेच, वर फरकाचे 20 हजारही मागायचे. मात्र हॉल साधारण तसाच हवा. संधी साधून दुप्पट मोठा घेतला आणि तो फरक मागितला, तर टिकणार नाही.

कधी खरोखरच कुणाचा दोष नसतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी लग्नं राहिली. तशा वेळी नुकसानभरपाई मागता येत नाही, पण घेतलेली रक्कम परत करण्याचं बंधन त्याच करार कायद्याच्या कलम 65 नुसार राहतंच.

आता पुराव्याचं. रोख दिलेत तर पावती घ्या. पावती न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, तेव्हा मागायला संकोच नको. फोनवरून पैसे पाठवताना ‘हॉल ॲडव्हान्स’ आणि लग्नाची तारीख तिथेच लिहा. त्यानं फोनवर नकार दिला, तर लगेच व्हॉट्सॲप करा, ‘आज तुम्ही असं कळवलंत.’ मग पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. काही वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

नाहीच मिटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकून निकाल देणारी जिल्ह्यातली यंत्रणा. आणि इथे आपल्या सीमाभागातला प्रश्न येतो, कारण आपली सोयरीक दोन्हीकडे. मुलगी निपाणीची, हॉल कोल्हापूरचा. मुलगा खानापूरचा, बँड चंदगडचा. 1986 च्या जुन्या कायद्यात समोरच्याचा धंदा जिथे, किंवा व्यवहार जिथे घडला, तिथे जावं लागे. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 नं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याचा हक्क दिला. म्हणजे हॉल महाराष्ट्रात असला तरी तक्रार बेळगावात चालते. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. त्यांनी हवं तर तिथे करावी, तीही वाट मोकळी आहे. बेळगावात करणार असाल, तर तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या आणि मराठी पावतीचं भाषांतर जोडा. कन्नड लिहिता येत नाही म्हणून हक्क सोडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शेजारच्या कन्नड मास्तरांना सांगा, कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला बसवा, पण लिहा.

दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करता येतो. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, त्याची तयारी ठेवा. तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नका. ‘बघू, बघू’ म्हणणारा नेमकी तीच मुदत संपवत असतो.

आणि आदेश तुमच्या बाजूनं झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. प्रमाणित प्रत घ्या. ठरलेल्या दिवसांत रक्कम आली नाही, तर त्याच आयोगाकडे वसुलीचा अर्ज द्या. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 25 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हे त्या अर्जात लिहायला विसरू नका.