कॅनॉलच्या काठावर बसलेला माणूस

सकाळचे सहा वाजलेत आणि कॅनॉल अजून झोपेत आहे. पाण्यावर पातळ धुकं आहे, पलीकडच्या काठाला झुडपं पार पाण्याला टेकलीयत, आणि त्या फांद्यांच्या सावलीत एक छोटासा लाल ठिपका दिसतोय ना, तो माझा फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगता तुकडा, मासा लागला की तो बुडतो. जरा त्याच्यावर नजर ठेवा. मी आधी जागा सांगतो.

हा ग्रँड युनियन कॅनॉल, लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंत 137 मैल. मी जिथे बसलोय तिथे रुंदी असेल बारा-तेरा मीटर. मधे बोटी जाऊन जाऊन खोल झालेला पट्टा आहे, त्यात फार तर छातीएवढं पाणी. दोन्ही काठांना पाण्याखाली उथळ पायऱ्या असतात आणि मासे बहुतेक वेळ त्या पायरीच्या कडेला फिरतात, त्यातही पलीकडच्या, कारण तिकडे माणूस चालत नाही.

माणूस चालतो तो इकडे, माझ्या पाठीमागून. या वाटेला टोपाथ म्हणतात. बोटी ओढणारे घोडे या वाटेवरून चालायचे, दोर बोटीला बांधलेला असायचा. 1761 साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कॅनॉल सुरू झाला तो वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे न्यायला, आणि मग बघता बघता सगळ्या इंग्लंडभर असे कॅनॉल खणले गेले. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, आणि 1962-63 च्या हिवाळ्यात पाणी कित्येक आठवडे गोठून राहिलं तेव्हा उरलासुरला मालवाहतुकीचा धंदाही बसला. म्हणजे ही वाट ना माझ्यासाठी बांधली, ना सायकलवाल्यासाठी, ना कुत्रा फिरवणाऱ्यासाठी. आपण सगळे नंतर आलो. आता कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची संस्था 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2000 मैल जलमार्ग सांभाळते, आणि सकाळी आठ वाजले की त्यातल्या माझ्या वाट्याच्या दीड मीटरवर सगळं जग एकदम येतं.

फ्लोट हलला. थांबा. नाही, वारा होता.

आता हातात काय आहे ते जवळून बघा. याला पोल म्हणतात. कार्बन फायबरचा, एकात एक बसणारे सेक्शन, सगळे जोडले की माझा अकरा मीटर होतो, सोळा मीटरचेही असतात. याला रीळ नसतं. टोकाला थोडीशी दोरी, तिला फ्लोट, खाली केसाएवढी बारीक लाइन, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी जाडीची, आणि वीस नंबरचा गळ, नखावर ठेवला तर नख मोठं दिसतं. गळाला पांढऱ्या ब्रेडची बारीक चकती, ती पंच नावाच्या छोट्या नळीने कापतात. रोच नावाचा मासा याला भाळतो, चांदीसारखा अंगाचा आणि लाल परांचा. वजन शंभर ग्रॅम भरलं तरी मी खूष असतो.

पण रीळ नाही म्हटल्यावर मासा लागला की त्याला आणायचं कसं? तर अख्खा पोल मागे सरकवायचा. रोलरवरून, पाठीमागे, टोपाथ ओलांडून पार झाडोऱ्यात, मग हातात राहिलेले शेवटचे दोन सेक्शन वेगळे करून मासा जाळ्यात घ्यायचा. त्या चार-पाच सेकंदात टोपाथ बंद असतो, आणि माझी नजर समोर असते, पाण्यात, कारण तिकडे मासा ओढतोय. टोपाथवरच्या भांडणांचं मूळ याच चार-पाच सेकंदांत आहे.

माझं स्वतःचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मी पोल मागे घेत होतो, दोन्हीकडे बघून घेतलं होतं, कोणी नव्हतं, आणि पुलाखालच्या वळणावरून एक इलेक्ट्रिक सायकल आली, आवाज शून्य, घंटी नाही, आणि खाडकन आवाज झाला. चौथा सेक्शन मधोमध फुटला. त्याचं चाक घसरलं, पाण्यात पडता पडता वाचला. तो ओरडला की रस्त्यात काठ्या कशाला टाकता, आणि निघून गेला. मला पोलचं वाईट वाटलं, हो, पैसे गेले, पण त्याहून जास्त हे डोक्यात राहिलं की त्याच्या दृष्टीने मी तिथे नव्हतोच. बसलेला माणूस लोकांना रिकामा वाटतो. काही करत नाहीये ना, मग त्याचं काय बिघडणार? दुकानदाराच्या गल्ल्यावर कोणी सायकल घालत नाही, पण हा नुसता बसलाय.

आणि बसलेला माणूस खरंच काय करत असतो? एक तास मी एकाच जागी चिमूट चिमूट ब्रेडचा चुरा टाकतोय, जास्त टाकला तर मासे पोट भरून गप्प, कमी टाकला तर निघून जातात, हळूहळू ते जमतात, धीट होतात, वर येऊन खायला लागतात. हे सगळं डोळ्याला दिसत नाही. मग एखादं पोरगं बदकांना मारायला दगड टाकतं, बरोबर माझ्या फ्लोटपाशी, आणि सोबतचा मोठा माणूस हसतो. तो एक तास गेला.

लोकांना वाटतं बोलण्याने मासे पळतात. फारसं नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बराचसा परत फिरतो. पण काठावर पाय आपटलात, पेटी धाडकन ठेवलीत, तर तो हादरा जमिनीतून थेट पाण्यात उतरतो, आणि माशाच्या दोन्ही बाजूंनी एक रेषा असते तिला पाण्याची बारीकशी हालचालही कळते. म्हणून "काही मिळालं का?" असं विचारणारे मला अजिबात नकोसे नाहीत. अनेक गळवाले या प्रश्नाला वैतागतात, मी नाही. विचारा, उभे राहा, फक्त काठाच्या कडेला येऊन डोकावू नका, तुमची सावली पाण्यावर पडते.

आता ही बोट येतेय बघा. नॅरोबोट, जेमतेम सात फूट रुंद आणि लांबच लांब. बहुतेक कॅनॉलवर वेगाची हद्द ताशी चार मैल आहे, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. जोरात गेली तर काय होतं ते काठाला बघायचं: बोट जवळ आली की काठाचं पाणी आधी आत ओढलं जातं, चिखल उघडा पडतो, आणि मागून लाट आपटते, काठ खचतो, पाणवनस्पती उपटल्या जातात. नुकसान एकट्या गळवाल्याचं नाही होत.

पण मला जे सांगायचंय ते जोरात जाणाऱ्यांबद्दल नाही, भल्या बोटवाल्यांबद्दल आहे. ते मला बघतात आणि बिचारे लांबून जावं म्हणून बोट पलीकडच्या काठाला घेतात. म्हणजे बरोबर जिथे मी तासभर चारा टाकलाय तिथे, माशांच्या डोक्यावरून. मधूनच जा हो, आहे त्याच संथ वेगाने. मधून गेलेली बोट तळाचा गाळ थोडा उठवते, पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाण्यात रोच उलट निर्धास्त होतो, बोट गेल्यावर पाचेक मिनिटांत बऱ्याचदा आधीपेक्षा जोरात खायला लागतो. पुढच्या लॉकच्या, म्हणजे बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाच्या, झडपा उघडल्या की साचलेलं पाणी एका दिशेने हलकेच सरकतं, त्यानेही मासे जागे होतात. इथले मासे पिढ्यान् पिढ्या या वाहतुकीत वाढलेत, त्यांना बोट नवीन नाही.

आमच्या बाजूचंही बोलायला हवं, कारण टोपाथवर उलटा राग आहे आणि तो उगाच नाही. पोल आडवा टाकून मोबाइलमध्ये बघत बसणारे मी पाहिलेत. वाटेवर पसरलेल्या पेट्या, व्हीलचेअरला जागा नाही. कुत्र्याने आमिष खाल्लं म्हणून मालकावर ओरडायचं, पण गळासकट आमिष उघडं ठेवलं कोणी? तो गळ कुत्र्याच्या घशात गेला तर ऑपरेशन करावं लागतं. आणि झुडपात तुटून राहिलेली लाइन, तिच्यात हंसाचा पाय अडकतो तेव्हा तो कसा फडफडतो हे एकदा बघितलं की माणूस दोरीचा एकेक तुकडा खिशात घालून घरी नेतो. गळाच्या दोरीला लावायची शिशाची वजनं गिळून इथे हंस मरत होते, म्हणून 1987 मध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. तेव्हाही आमच्यातल्या काहींनी कुरकुर केलीच होती.

आणखी एक, नवशिक्यांसाठी. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे बसायचंच नाही, बोर्ड लावलेले असतात, कार्बनमधून करंट जातो आणि माणसं यात गेलीत. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला इथे मासे धरायला रॉडचं लायसन्स लागतं, शिवाय त्या पट्ट्याच्या मासेमारी क्लबची परवानगी. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बंदी असते, बहुतेक कॅनॉलवर नसते.

फ्लोट गेला. गेला, गेला, या वेळी खरंच.

मी डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. उजवीकडून एक बाई सायकलवर येतेय, लांबूनच घंटी वाजवली तिने. मी हात वर करतो. ती ब्रेक लावते, एक पाय जमिनीवर टेकते आणि म्हणते, घ्या तुम्ही, मला घाई नाही. पोल माझ्या मागून तिच्या पुढच्या चाकासमोरून सरकत झाडोऱ्यात जातो. टोकाला थरथर आहे. जाळं पाण्यात, मासा जाळ्यात.

रोच आहे. तळहाताएवढा, डोळ्यात लालसर कडी, खवले ओले असेपर्यंत निळसर चमकतात. ती मान वाकवून बघते, या घाण पाण्यात असे मासे आहेत होय, मी रोज इथून जाते. मी हात ओले करून त्याचा गळ काढतो, पाण्यात धरतो, तो दोनदा कल्ले हलवतो आणि जातो.

पोल पुढे सरकवला, वाट मोकळी. ती निघून गेली. फ्लोट परत झुडपाखाली.