एक जाळ, गावभर ऊब

श्रोतेहो, नमस्कार.

हळद काढणीला आली, की आपल्या सांगली भागात रानात बॉयलर येऊन उभा राहतो. जाळ एकच, पण त्याची वाफ नळ्यांतून तीन-चार पिंपांत जाते आणि हळद शिजते. डेन्मार्कमधली कितीतरी गावं हिवाळ्यात याच रीतीनं घरं उबदार ठेवतात.

गावाच्या कडेला बॉयलरघर असतं. इंधन म्हणजे गव्हाचं काड किंवा लाकडाच्या ढलप्या. त्यावर साधारण 70-80 अंशांपर्यंत तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळातून घरोघरी जातं. आत पोलादी नळ, भोवती फोमचं जाड अस्तर, वर प्लास्टिकचं कवच. घरात उष्णता देऊन पाणी 40 अंशांच्या आसपास थंड होतं नि परत तापायला येतं. घरातला मीटर वापरलेली उष्णता मोजतो. सकाळी सगळ्यांना एकदमच गरम पाणी लागतं, म्हणून बॉयलरशेजारी भली मोठी टाकी भरून ठेवतात. त्यामुळे जाळ एकसारखा ठेवता येतो आणि धूर कमी होतो.

1973 च्या तेलसंकटानं तो देश पोळला आणि 1979 मध्ये त्यानं उष्णतापुरवठ्याचा कायदाच केला. यातली बरीच केंद्रं ग्राहकांच्याच मालकीची आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको.

काडाच्या गाठी आल्या की तिथे आधी ओल तपासतात. गुऱ्हाळावर जाळ घालणाऱ्याला विचारा, चिपाड उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय तो चुलवाणात घालणार नाही. ओल्या चिपाडाची बरीचशी आग स्वतःचं पाणी आटवण्यातच जाते.

आपल्याला घरं तापवायची नाहीत. पण ऐन बेदाण्याच्या हंगामात अवकाळी आला, की रॅकवरचा माल डोळ्यांदेखत काळा पडतो. त्या वेळी शेडमध्ये गरम हवा हवी असते. आणि तासगाव भागात द्राक्षछाटणीच्या काड्या बांधावर रचून पेटवलेल्या मी पाहतो, तेव्हा जीव तुटतो. उसाचं पाचट मात्र मागू नका, ते सरीतच कुजू द्यावं, जमिनीचा हक्क पहिला. काड्या वाळवून, तुकडे करून एका सामाईक बॉयलरला घातल्या, तर त्याच गरम पाण्यावर चार-पाच शेडं चालवता येतील.

अट एकच: शेडं जवळजवळ हवीत. नळ लांबला, की उष्णता वाटेतच मुरते. म्हणून एकाच रस्त्याला लागून बेदाण्याची शेडं ओळीनं उभी आहेत, तिथल्या शेतकऱ्यांनी येत्या छाटणीआधी एकत्र बसावं आणि कुणाच्या बागेतून किती काड्या निघतात, ते आधी काट्यावर मोजून घ्यावं.