गॅसची भट्टी घरी बांधताय? आधी आतला कापूस झाका

नमस्कार मंडळी! लोहारकाम नव्याने शिकणाऱ्यांचा एकच प्रश्न कमेंटमध्ये सारखा येतोय: कोळसा नको, भाता नको, गॅसवर चालणारी छोटी भट्टी कशी बांधायची? आज तेच बघू.

सांगाडा सोपा आहे, पटकन उरकतो. 2 मिलिमीटरचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पत्रा घ्यायचा आणि रोलिंगवाल्याकडून 250 मिमी व्यासाचं, 300 मिमी लांबीचं नळकांडं करून घ्यायचं. खाली अँगलचे चार पाय. मागच्या तोंडाला झाकण, त्यात लांब सळई आरपार जायला 50 मिमीचं भोक. पुढच्या तोंडाशी दोन फायरब्रिक (उष्णता सोसणाऱ्या विटा), मागेपुढे सरकवता येतील अशा. रिकामा गॅस सिलिंडर कापून सांगाडा केला तर चालेल का, असं खूप जण विचारतात. नाही. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, आणि 'रिकाम्या' सिलिंडरमध्ये उरलेला गॅस ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट घडवायला पुरेसा असतो.

आत सिरॅमिक ब्लँकेट लावायचं, ज्याला सगळे कापूस म्हणतात. 1260 अंशांचा ग्रेड, 128 घनता, 25 मिमी जाडी, दोन थर. बाहेरचा तुकडा 795 मिमी लांब, आतला 640. मापापेक्षा दहाएक मिमी जास्त ठेवला की दाबून घट्ट बसतो, खिळा-तार काही लागत नाही. दोन्ही थरांचे जोड समोरासमोर येऊ देऊ नका.

आता इथे थांबा. बहुतेक जण इथेच काम संपलं समजतात आणि बर्नर पेटवतात. परवाच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं, "नुसता कापूस लावलाय, भट्टी मस्त लाल होते, वर मुलामा कशाला?" भट्टी लाल होते हे खरंच आहे. पण हा कापूस म्हणजे काचेसारखे बारीक धागे. बर्नरच्या झोताने ते सुटतात आणि भट्टीच्या तोंडातून थेट तुमच्या चेहऱ्याकडे येतात. 1000 अंशांच्या वर पुन्हा पुन्हा तापले की त्यांत क्रिस्टोबलाइट तयार होतं. तो स्फटिक सिलिकाचाच प्रकार, दगडखाणीतल्या कामगारांची फुप्फुसं ज्याने निकामी होतात तोच. म्हणून कापूस कापतानाही एन95 मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

मग झाकायचा कसा? आधी कोलॉइडल सिलिका (पाण्यात मिसळलेले सिलिकाचे अतिबारीक कण) फवारा. त्यात खाण्याचा रंग थोडा टाका, म्हणजे कुठे पोहोचलं आणि कुठे नाही ते दिसतं. वाळला की कापूस पुठ्ठ्यासारखा कडक होतो. त्यावर हाय-अ‍ॅल्युमिना कास्टेबलचा (पाण्यात कालवून लावायचं, उष्णता सोसणारं मिश्रण) 10 मिमी थर. एवढ्या भट्टीला साधारण 4 किलो कास्टेबल लागतं. लावण्याआधी कापसावर पाणी मारून तो ओला करा, नाहीतर तो कास्टेबलमधलं पाणी शोषून घेतो आणि थर भुसभुशीत होतो. पाणी किती? लाडू वळता यावा इतकंच. वळलेला लाडू हातावर उडवून झेला: फुटला तर पाणी कमी, बोटांतून ओघळला तर जास्त.

थर लावल्यावर 24 तास प्लास्टिकने झाकून ओला ठेवा. हे सिमेंटसारखं पाण्याने पकडतं, वाळून नव्हे. मग एक दिवस उघडं ठेवा, रात्रभर आत 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, आणि त्यानंतर अगदी मंद गॅसवर 5 मिनिटं, थंड, 10 मिनिटं, थंड. घाई केलीत तर आतल्या पाण्याची वाफ होऊन थराचे टवके उडतात.

"प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू अर्धी-अर्धी चालेल ना?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही चालत! प्लास्टर दीडशे-दोनशे अंशांतच पाणी सोडायला लागतं, मग भेगा पडतात, आणि भट्टीच्या उष्णतेला भुगा होतो. अॅल्युमिनियम वितळवायला कुणाला जमलं असेल, लोखंडाच्या भट्टीत नको. साधं सिमेंटही नको.

झाकण्याचं दुसरं कारण कामाचं आहे. नुसता कापूस उष्णता अडवतो, पण साठवत नाही. थंड पट्टी आत घातली की भट्टी दबते. कास्टेबलचा थर एकदा केशरी तापला की तो स्वतः पट्टीवर उष्णता फेकतो, आणि ट्रकच्या कमानीचा पाटा दुसऱ्यांदा आत घातला तरी लवकर पिवळा होतो.

बर्नर. एक इंच बाय पाऊण इंचाची रिड्युसिंग टी घ्या, म्हणजे टी आकाराचा पाइपजोड, ज्याचं मधलं तोंड लहान असतं. दोन्ही एक इंची तोंडं हवेसाठी उघडी. पाऊण इंची तोंडाला 8 इंच लांब काळा एमएस पाइप. त्याच्या बरोबर समोर, टीच्या पाठीत भोक पाडून आटे मारा, त्यात ब्रास फिटिंग आणि मिग वेल्डिंगची 0.8 मिमीची कॉन्टॅक्ट टिप, म्हणजे बारीक भोकाचं टोक, ज्यातून गॅस सुटतो. टिप पाइपच्या मध्यरेषेतच हवी. भोक जरा तिरकं गेलं तरी गॅस पाइपच्या भिंतीवर आपटतो, हवा कमी ओढली जाते, ज्योत एका बाजूला पिवळी होते. ज्योत सगळीकडूनच पिवळी आणि भट्टीच्या तोंडातून लांब जिभा निघत असतील, तर टिप कानशीने थोडी थोडी आखूड करा, भोकाची कड साफ करा आणि पुन्हा बघा. बर्नर वरून थोडा तिरका बसवा, झोत आत गोल फिरला पाहिजे. पाइपचं टोक आत डोकावू देऊ नका, कास्टेबलच्या आत अर्धा इंच मागेच ठेवा, नाहीतर ते जळतं.

गॅस. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर फक्त 30 मिलिबारचा, त्यावर हा बर्नर हवा ओढूच शकत नाही. मीटरवाला हाय-प्रेशर रेग्युलेटर, हाय-प्रेशर होज आणि बर्नरजवळ एक बॉल व्हॉल्व्ह हवा. काम अर्धा ते एक किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) प्रेशरवर होतं. घरगुती सिलिंडर या कामाला वापरणं नियमात बसत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्या. तासाला किलो-सव्वा किलो गॅस जातो. 5 किलोचा छोटा सिलिंडर इतक्या वेगाने गार पडतो की बाहेर दव धरतं आणि प्रेशर बसतं. परदेशी व्हिडिओंत शुद्ध प्रोपेन असतो, तो उणे 42 अंशांलाही उकळतो. आपल्या एलपीजीत ब्युटेन बराच असतो, तो शून्याच्या जरा खाली. आणि प्रोपेन आधी उडून जातो. म्हणून डिसेंबरात पहाटे, अर्ध्या सिलिंडरवर ज्योत मंदावली तर बर्नर उघडून बसू नका, सिलिंडर उन्हात आणा. आगीजवळ मात्र कधीच नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा. भट्टी उघड्यावर चालवा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

आणि कापूस झाकण्याचं तिसरं कारण, कारण कुणीतरी नक्की म्हणणार, "मी मास्क लावतो, मला चालतं." दोन तुकडे जोडायला टाकणखार वापरलात की वितळलेला टाकणखार कापसावर सांडतो, आणि गरम पाणी साखरेत जावं तसा आरपार भोक पाडतो. थेट पत्र्यापर्यंत! कास्टेबललाही तो खातो, पण हळूहळू. म्हणून तळाशी फायरब्रिकची एक चकती ठेवा, खराब झाली की बदला.

पेटवताना आधी जळता बोळा आत, मग गॅस, आणि तुम्ही तोंडासमोर नाही, बाजूला. विझवताना आधी सिलिंडर बंद, होजमधला गॅस जळून जाऊ द्या, मग बॉल व्हॉल्व्ह. लगेच टीची दोन्ही तोंडं पत्र्याच्या तुकड्यांनी झाका. नाहीतर गरम हवा बर्नरमधून वर चढते, टिप तापते, आणि पुन्हा पेटवताना ज्योत पाइपच्या आतच फटफट वाजायला लागते.