आंबलं की नासलं?

नमस्कार श्रोतेहो.

आज स्टुडिओत मी एकटी आलेले नाही. समोर टेबलावर काचेची एक बरणी आहे, लिटरभर मापाची, आट्यांच्या झाकणाची. आत बारीक चिरलेला कोबी, थोडं गाजर आणि मीठ. व्हिनेगर नाही, तेल नाही, वरून पाण्याचा थेंबही घातलेला नाही. बरणी भरून आज चौथा दिवस. मायक्रोफोन जरा खाली ओढते आणि झाकण पाव फेरा सैल करते. ऐका हं.

(झाकण सैल केल्याचा आवाज)

ऐकलंत? त्या ‘फुस्स’च्या मागून बारीक चुरचुर येतेय ती बुडबुड्यांची. रेडिओवरून वास पाठवता येत नाही, आणि आत्ता तरी ते बरंच आहे. चौथ्या दिवशीचा कोबी पहिल्या भेटीत कुणाला आवडेल असा नसतो.

मराठीत दोन शब्द आहेत, आंबणं आणि नासणं. दोन्हींची सुरुवात एकच असते. भाजी चिरली, तिचा रस बाहेर आला, त्यावर सूक्ष्मजीव वाढायला लागले. पुढे ती आंबणार की नासणार, हे ठरतं पंगतीला आधी कोण बसलं त्यावर. कोबीच्या पानावर नाना तऱ्हेचे जीव असतात आणि आपल्याला हवे असलेले त्यात अगदी थोडे. त्यांना म्हणायचं लॅक्टिक आम्लाचे जीवाणू. दूध आंबतं ते त्यांच्याच भाऊबंदांमुळे. लॅक्टिक आम्लाला मराठीत दुग्धाम्ल म्हणतात ते त्यामुळेच. या मंडळींना मीठ चालतं, हवेवाचून त्यांचं अडत नाही, आणि भाजीतली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात. नासवणाऱ्यांपैकी बहुतेकांना मीठ सोसत नाही, बुरशीला तर हवा लागतेच. मग आपण करायचं इतकंच: मीठ घालायचं, हवा काढायची आणि हात मागे घ्यायचा. विरजण शोधायला जावं लागत नाही, ते पानावरच आलेलं असतं. म्हणून भाजी स्वच्छ धुवा, पण साबणाने घासू नका, आणि उकडू तर मुळीच नका. उकडलीत तर विरजणच मेलं.

आता बरणीबद्दल. हिला मेसन जार म्हणतात. इंग्रजीत मेसन म्हणजे गवंडी, पण गवंड्याचा इथे काही संबंध नाही. जॉन लँडिस मेसन हा न्यूयॉर्कमधला पत्र्याचं काम करणारा कारागीर. बरणीच्या गळ्याला काचेतच आटे पाडायचे आणि त्यावर धातूचं झाकण फिरवून घट्ट बसवायचं, या युक्तीचं पेटंट त्याला ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मिळालं. आज साधं वाटतं, पण तोवर बुचं आणि मेण वापरून बरण्या बंद करण्याची खटपट चालत असे. त्या बरणीचा हेतू काय होता? अन्न तापवून आतले जीव मारायचे आणि बाहेरून दुसरा कुणी शिरू द्यायचा नाही. आणि बरोबर वर्षभर आधी, १८५७ मध्ये, तिकडे फ्रान्समध्ये लुई पाश्चर सांगत होता की लॅक्टिक आम्लाचं हे आंबणं सजीवांचंच काम आहे.

आपण त्या बरणीकडून उलटं काम करून घेतो. आतल्यांना मारायचं नाही, जगवायचं. मूळ कामात बरणी थंड होते तशी आतली हवा आक्रसते आणि झाकण आत ओढलं जातं. आपल्या कामात आत वायू तयार होतो आणि झाकण बाहेर ढकलतो. हे लक्षात न घेतल्याची फळं मी स्वतः भोगली आहेत. ते येईलच पुढे.

आधी मीठ, कारण सगळी मेख तिथे आहे. मीठ वजनाने घ्या. चमच्याने नको, अंदाजाने तर नकोच. बारीक दळलेल्या मिठाचा एक मोठा सपाट चमचा सतरा-अठरा ग्रॅम भरतो. पापुद्र्यासारखं हलकं मीठ त्याच चमच्यात जवळपास निम्मं बसतं. मग कुणी म्हणतं माझा कोबी खारट झाला, कुणी म्हणतं माझा बुळबुळीत झाला, आणि दोघांनीही ‘दोन चमचे’च घातलेले असतात. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा असला की हा वाद मिटतो.

प्रमाण सोपं आहे. कोबीसाठी वजनाच्या दोन ते अडीच टक्के. १ किलो चिरलेला कोबी, तर २० ते २५ ग्रॅम मीठ. लिटरच्या बरणीत साधारण पाऊण किलो कोबी दाबून बसतो, त्याला १५ ग्रॅम पुरे. आयोडीनचं मीठ चालतं का, हे नेहमी विचारलं जातं. चालतं. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात काही मिसळलेलं असेल तर पाणी गढूळ दिसेल, एवढंच.

कोबीला मीठ लावून दोन्ही हातांनी चुरायचा. पाच-दहा मिनिटं, न कंटाळता. आधी तो कडक असतो, करकर आवाज करतो. मग हळूहळू नरम पडतो, आकाराने निम्मा होतो आणि तळाशी पाणी साचायला लागतं. मूठभर कोबी उचलून पिळला आणि धार लागली की झालं. हात दुखत असतील तर मीठ लावून तासभर तसाच ठेवा, पाणी सुटण्याचं बरंचसं काम मीठच करतं. हाताला कुठे कापलं असेल तर मात्र आधी हातमोजे घाला; ही सूचना मी एकदाच देते, मीठ ती पुन्हा पुन्हा देईल.

गाजर, मुळा, फ्लॉवर यांना एवढं पाणी सुटत नाही. त्यांच्यासाठी मिठाचं पाणी करावं लागतं, आणि तिथे एक चूक हमखास होते. पाणी तीन टक्क्यांचं करतात, पण पाण्यातलं मीठ पुढे भाजीतही शिरतं आणि शेवटी प्रमाण उतरतं. त्यापेक्षा रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. भाजी भरा, ती बुडेल इतकं पाणी ओता आणि दोन्हींचं मिळून वजन बघा. समजा ८०० ग्रॅम भरलं. त्याचे अडीच टक्के म्हणजे २० ग्रॅम. आता पाणी एका भांड्यात काढून घ्या, तेवढं मीठ त्यात विरघळवा आणि परत बरणीत ओता. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून, पूर्ण गार करून वापरा. क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, आपल्या पाहुण्यांना ते वेगळं ओळखत नाही.

भरताना मुठीने किंवा लाटण्याच्या टोकाने दाबत दाबत भरा, मधे हवेचे खिसे राहू देऊ नका. वर दोन बोटं जागा मोकळी सोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाजी पाण्याखाली राहिली पाहिजे. तरंगणारा एक तुकडादेखील बुरशीला उतरायला बेट असतो. मी कोबीचं बाहेरचं अख्खं पान गोल कापून वर झाकते आणि त्यावर काचेचं छोटं वजन ठेवते. वजन नसेल तर बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी छोटी काचेची बाटली पाणी भरून ठेवली तरी चालते. धातूचं काही ठेवू नका. मीठ आणि आम्ल मिळून पत्र्याचं काय करतात ते बरणीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दिसतंच; महिन्याभरात गंज धरतो. प्लॅस्टिकचं झाकण मिळालं तर उत्तम.

बरणी उन्हापासून लांब ठेवा, १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान सगळ्यात सोयीचं. उकाडा असेल तर कोबी भराभर आंबतो पण मऊ पडतो. थंडी असेल तर रेंगाळतो, आणि रेंगाळलेला बहुधा जास्त चवदार निघतो. खाली एक ताटली ठेवा. का, ते सांगते.

पहिले एक-दोन दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. मग फसफसायला लागतं. सुरुवातीच्या या दंग्याचा म्होरक्या ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटरॉइड्स नावाचा जीवाणू. तो आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो, आणि तो वायू वर उरलेली हवा बाहेर रेटतो. म्हणजे दार बंद करायचं अर्धं काम तोच करतो. पण त्याने केलेलं आम्ल त्यालाच सोसवेनासं होतं. तो मागे पडतो, आणि आंबटपणा जास्त सोसणारे पुढे येतात, त्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम मुख्य. पहिल्या आठवड्याची उग्र चव आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची मुरलेली चव यांत जो फरक लागतो, तो या सत्तापालटाचा.

आता माझी फजिती. पहिल्याच खेपेला मी बीट आंबवायला घेतलं. बीटमध्ये साखर भरपूर, हे मला ठाऊक होतं. झाकण अंगातली सगळी ताकद लावून आवळलं आणि तीन दिवस गावाला गेले. परत येऊन बरणी उघडली तेव्हा ती उघडली असं म्हणण्यापेक्षा सुटली असं म्हणावं लागेल. छताला लाल, भिंतीला लाल, मी लाल. शेजारीण आवाज ऐकून आली आणि दारातच किंचाळली. छतावरचा डाग अजून आहे. पण मी सुदैवी, कारण काच फुटली नाही. तीही फुटू शकते.

म्हणून पहिला आठवडाभर रोज एकदा झाकण क्षणभर सैल करायचं, वायू जाऊ द्यायचा, परत फिरवायचं. विसरभोळे असाल तर सपाट चकती आणि तिच्यावरचं कडं, असं दोन भागांचं झाकण घ्या आणि कडं फक्त बोटांच्या टोकांनी, हलकं फिरवा. वायू कडेने निघून जातो, बाहेरची हवा सहसा आत येत नाही. वायूबरोबर पाणीही थोडं उतू जातं, ती ताटली त्याच्यासाठी. आणि रोज झाकण पूर्ण काढून आत डोकावायचा मोह आवरा. आतला वायू हेच तुमचं पांघरूण असतं, दर वेळी ते ओढून काढायचं कशाला?

घाबरून बरणी फेकून देणारे पुष्कळ भेटतात, आणि न घाबरता खाऊन टाकणारेही. पाणी गढूळ झालं तर ते ठीक चाललंय, जीव वाढलेत. लसूण निळा-हिरवा पडला तरी घाबरू नका, त्यातल्या गंधकयुक्त पदार्थांची ती करामत आहे. वर पांढरा, पातळ, सुरकुतलेल्या सायीसारखा थर आला तर ते यीस्ट. चव थोडी बिघडवतं पण अपाय करत नाही, चमच्याने काढून टाका. पण लव असलेली, उंचवट्याने वाढणारी, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, की बरणी रिकामी करायची. वरचं काढून खालचं ठेवू असला काटकसरीचा विचार नको. वास आंबट, झणझणीत, गंधकासारखासुद्धा चालेल. कुजका असेल तर नाक सांगतं ते ऐका.

बिनहवेच्या बरणीत बोट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचं, विष होत नाही का, असं एका श्रोत्याने मागे विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. ते विष तयार करणारा जीवाणू मातीत असतो आणि त्याला बिनहवेची जागाच लागते. पण सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचं पीएचचं माप (जितकं कमी तितकं आंबट), ४.६ च्या खाली गेला की तो वाढू शकत नाही, आणि नीट आंबलेला कोबी साडेतीनच्या आसपास उतरतो. तिथे पोचेपर्यंत मीठ पहारा करतं. तेव्हा तब्येतीच्या नावाखाली मिठाला कात्री लावू नका. रक्तदाबामुळे मीठ कमी खायचं असेल तर आंबवलेली भाजी कमी खा. बरणीतलं मीठ तेवढंच राहू द्या. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे खालावली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शंका असेल त्यांनी सामू तपासायच्या कागदी पट्ट्या आणाव्यात.

आणि घरातले ‘हे काय भलतंच’ म्हणून नाक मुरडत असतील तर इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकची युक्ती वापरा. १७६८ मध्ये एन्डेव्हर जहाजावर त्याने स्कर्व्हीवर, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर, उपाय म्हणून आंबवलेल्या कोबीची पिंपं नेली होती. खलाशी शिवेनात. कुकने सक्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या टेबलावर मात्र तो कोबी रोज वाढायला लावला, आणि खलाशांना सांगितलं, तुमची मर्जी. आठवडा उलटायच्या आत प्रत्येकाचं माप ठरवून द्यायची पाळी आली.

कधी खायचं? पाचव्या-सहाव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने चाखत जा. तुमच्या जिभेला पटलं की फ्रिजमध्ये ठेवा. तिथे आंबणं जवळजवळ थबकतं आणि भाजी काही महिने टिकते. उरलेलं पाणी फेकू नका, सूपमध्ये घाला, फक्त मीठ बेताने.

माझी वेळ संपत आली असं काचेपलीकडून खुणावतायत. दुसरीही एक खूण चालली आहे, टेबलाकडे बोट दाखवून. अरेच्चा. बोलता बोलता कडं पुरतं सैल राहिलं, आणि घरून निघताना ताटली आणायला मी विसरले. कुणीतरी फडकं द्या हो. श्रोतेहो, नमस्कार.