सहा महिन्यांची शिष्यवृत्ती

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलात की मान आपोआप वर जाते. राजाबाई टॉवर! २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून तो उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला. त्याच्या पोटातच विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. विद्यापीठ मात्र टॉवरहून जुनं. सन १८५७. देशात एकीकडे बंड पेटलेलं आणि दुसरीकडे कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी तीन विद्यापीठं त्याच वर्षी सुरू झाली. पुन्हा सांगतो, १८५७.

या विद्यापीठातून बाहेर पडलेल्यांची नावं घ्यायची म्हटली तर आपली दहा मिनिटं त्यातच संपतील. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकल्या आणि या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. डेक्कन कॉलेज तेव्हा मुंबईच्याच छत्राखाली होतं, पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९४९ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनमधून १९१२ साली बी. ए. झाले, बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांवर. पांडुरंग वामन काणे याच विद्यापीठाचे विद्यार्थी, पुढे कुलगुरू आणि १९६३ मध्ये भारतरत्न.

पण आज मला एकाच मुलाची गोष्ट सांगायची आहे. माझी फार आवडती गोष्ट आहे ही. घरात मुलांना सांगून झाली, आता तुम्हाला सांगतो.

निफाडला जन्मलेला, कोल्हापुरात वाढलेला एक मुलगा शिकायला मुंबईला आला. अंगाने थोराड, बोलायला कमी आणि वाचायला बसला की जेवणाची शुद्ध नाही. नाव महादेव गोविंद रानडे. १८५९ मध्ये विद्यापीठाने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली, त्यात हा पास. १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांतही हा. सोबत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघंच! एवढ्या मोठ्या मुंबई इलाख्यात पदवीधर म्हणावेत असे हे चौघं.

एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते सर अलेक्झांडर ग्रँट. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर काम केलेले मोठे विद्वान. रानड्यांवर त्यांचा जीव. तर झालं असं की रानड्यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य शेजारी शेजारी ठेवून तोललं. तोलताना इंग्रजांचं पारडं वर गेलं, म्हणजे हलकं ठरलं. कुठल्या काळात? बंडाला पाच-सात वर्षंही नीट उलटली नव्हती. आणि कुठे? सरकारी कॉलेजात, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकताना!

ग्रँटसाहेबांनी निबंध वाचला आणि मुलाला बोलावून घेतलं. जे सरकार तुला शिकवतंय, तुमच्या लोकांसाठी एवढं करतंय, त्याला असं नावं ठेवू नयेत, असं समजावलं. आणि शिष्यवृत्ती बंद केली. सहा महिने.

सहा महिने, श्रोतेहो. परगावचा मुलगा आणि हातातला पैसा बंद. पण रानड्यांनी ग्रँटसाहेबांबद्दल मनात अढी धरली नाही. गुरू म्हणून त्यांना मान दिला तो कायमचा. आणि मतही सोडलं नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसाला जमल्या, म्हणून मला ही गोष्ट इतकी प्रिय आहे.

इथे जरा विषय सोडून बोलतो. घरात कुणी कॉलेजला जाणारं असेल तर त्याला आठवड्याला एक पान स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मताचं लिहायला लावा. तयार नोट्स पाठ करून मार्क मिळतात, मत तयार होत नाही. आणि ते पान मराठीत लिहू द्या.

मराठीवरून आठवलं. विद्यापीठाने सुरुवातीच्या काही वर्षांतच पदवीच्या अभ्यासातून देशी भाषा काढून टाकल्या होत्या. रानडे पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तरी विद्यापीठात जाऊन मराठीसाठी भांडत राहिले. एक-दोन वर्षं नाही, अनेक वर्षं. एम. ए.ला मराठीचा शिरकाव झाला तो अगदी त्यांच्या अखेरीला.

आणि तो निबंध? तो विषय त्यांनी सोडलाच नव्हता. १९०० साली त्यांचं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक छापून आलं. विषय तोच, ज्याने कॉलेजात शिष्यवृत्ती घालवली तोच मराठ्यांचा. मराठे म्हणजे लुटारूंची टोळी, हे साहेबाचं म्हणणं त्यांनी त्यात खोडून काढलं. पुढच्याच जानेवारीत, १६ तारखेला, रानडे गेले. १९४३ मध्ये पुण्यात त्यांच्या जयंतीला व्याख्यान द्यायला उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. त्याच एल्फिन्स्टनचे, त्याच विद्यापीठाचे.

मी एम. ए.ला असताना राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयात हे पुस्तक मागितलं होतं. चिठ्ठी भरली, बाकावर वाट पाहिली. पुस्तक आलं, पानं पिवळी, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. जोरात उलटायची भीती वाटली, म्हणून तळहात खाली सरकवून एकेक पान उचललं. दुपार कलली तशी ओव्हलच्या बाजूच्या रंगीत काचांमधून तांबडा-निळा उजेड पानावर उतरला. बाहेर मैदानात कुणीतरी आउट झालं असावं, मोठा आरडाओरडा झाला. मी पहिलं प्रकरण संपवलं, शिपाईमामा खिडक्या लावायला आले तेव्हा दुसरं सुरू होतं.

नमस्कार.