पाप माफ कुणी करायचं? कार्थेज, सन २५०

मित्रहो, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, धर्मपुढाऱ्यांवर बोलायचं म्हटलं की व्याख्यान बहुधा ठरलेल्या वाटेने जातं. आधी प्रेषित, मग बिशप म्हणजे शहरातल्या मंडळीचा प्रमुख, त्याच्या हाताखालचे धर्मसेवक म्हणजे ‘वडील’, त्यांचे मदतनीस म्हणजे डीकन, आणि प्रत्येकाची कर्तव्यं. पदांची यादी त्यातून कळते. लोक त्या पदाचं ऐकत का होते, हे मात्र कळत नाही. म्हणून मी आज एकच शहर घेतलंय. कार्थेज, आजच्या ट्युनिसला लागून असलेलं, रोमन आफ्रिकेचं मुख्य शहर. आणि वर्ष मुख्यतः एकच, सन २५०.

त्याच्या थोडं आधी, २४९च्या शरदात, डेशियस सम्राट झाला. राज्य डळमळीत होतं, सीमेवर गॉथ टोळ्या होत्या. देवांची मर्जी परत मिळवायची तर साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण केला पाहिजे, असं फर्मान त्याने काढलं. फर्मानाचा मूळ मजकूर हाती आलेला नाही, पण त्याची अंमलबजावणी कशी झाली हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, कारण इजिप्तच्या वाळूत पपायरसवरचे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. बहुतेक २५०च्या जून-जुलैमधले. मजकूर साधारण ठरलेला: मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर अर्पण केलं, नैवेद्याचं मांस चाखलं, तरी तसं लिहून द्यावं ही विनंती. खाली अधिकाऱ्यांच्या सह्या. गंमत म्हणजे त्यातला एक दाखला पेटेसुखोस या मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. जन्मभर देवाची सेवा करणाऱ्या बाईलाही कागद काढावा लागला! म्हणजे फर्मान केवळ ख्रिस्ती लोकांना धरायला काढलं होतं असं दिसत नाही. पण अडकले ते ख्रिस्तीच.

कार्थेजमध्ये काय झालं? लोक पटापट गेले. तिथल्या बिशपनेच लिहून ठेवलंय की अधिकारी बोलावण्याआधीच माणसं चौकात धावली. संध्याकाळ झाल्यावर ‘आता उद्या या’ म्हणून परत पाठवलेले लोकही होते. आईबापांनी तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन नेलं. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी लाच देऊन, काहीही न करता, दाखला मिळवला. थोडे लोक मात्र नाही म्हणाले. ते तुरुंगात गेले. तिथे काही भुकेने आणि तहानेने मेले. विश्वासाची अशी उघड कबुली देऊन सुटलेल्या किंवा कैदेत असलेल्या माणसांना कन्फेसर म्हणत.

आणि बिशप? बिशप पळाला होता.

सिप्रियन त्याचं नाव. श्रीमंत घरचा, वक्तृत्वकलेचा नामांकित जाणकार, २४६च्या सुमाराला ख्रिस्ती झालेला. दोन-तीन वर्षांत तो थेट बिशप झाला. लोकांनी आग्रहाने निवडला, पण पाच वडिलांना ते रुचलं नव्हतं. बाप्तिस्मा घेऊन अजून धड रुळलेलाही नाही आणि आमच्या डोक्यावर? मला त्या पाच जणांचा राग समजू शकतो. त्यात हा माणूस संकट येताच लपला. सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली, तरी तो हाती लागला नाही. तिकडे रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी मारला गेला होता. रोमच्या पाळकवर्गाने, म्हणजे तिथल्या वडील-डीकनांनी, कार्थेजच्या पाळकवर्गाला पत्र पाठवलं आणि त्यात चांगला मेंढपाळ कोण, लांडगा आल्यावर पळणारा भाडोत्री कोण, याची आठवण करून दिली. नाव न घेता, पण रोख कुणाला कळणार नाही? सिप्रियनने यावर काय केलं पाहा. त्याने ते पत्र रोमला परत पाठवलं आणि लिहिलं की यातलं अक्षर, मजकूर, इतकंच काय कागदसुद्धा मला संशयास्पद वाटतो, तेव्हा हे खरंच तुमचंच का, तपासून घ्या. इतका सभ्य टोला मी चर्चच्या इतिहासात फार कमी ठिकाणी पाहिलाय.

आता खरा पेच सुरू होतो. बळी दिलेल्यांना लगेच पश्चात्ताप झाला. त्यांना मंडळीत परत यायचं होतं, प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत, भाग हवा होता. मूर्तिपूजा हे तर सर्वांत मोठं पाप. ते माफ कोण करणार? बिशप लपलेला. तुरुंगात मात्र ज्यांनी देहाने किंमत मोजली ते जिवंत संत बसलेले. लोक तुरुंगाकडे गेले.

हे आकस्मिक नव्हतं. कार्थेज हे पर्पेचुआ आणि फेलिसिटी या हुतात्म्यांचं शहर. दोघींना २०३मध्ये तिथल्या आखाड्यात श्वापदांपुढे टाकून मारलं. त्यांच्या सोबतचा सातुरस याने कैदेत एक दृष्टान्त पाहिला आणि तो लिहून ठेवला. स्वर्गाच्या दाराशी बिशप ऑप्टेटस आणि वडील अस्पेशियस दुःखी उभे आहेत, आणि ते या कैद्यांच्या पाया पडून म्हणतात, आमच्यात समेट करा. कैदी गोंधळून म्हणतात, तुम्ही आमचे बिशप, तुम्ही आमच्या पायाशी? स्वर्गात का होईना, बिशप हुतात्म्याच्या पाया पडतो हे चित्र त्या शहराच्या मनात जवळजवळ पन्नास वर्षं होतं. कार्थेजचाच ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यानेही नोंदवलंय की मंडळीबाहेर पडलेले लोक तुरुंगातल्यांकडे ‘शांती’, म्हणजे माफी आणि मंडळीत पुन्हा प्रवेश, मागायला जात. पुढे तो स्वतः कडवा झाल्यावर त्याने याच प्रथेची टर उडवली.

तर कन्फेसर चिठ्ठ्या देऊ लागले. ल्युशियन नावाचा एक जण होता. त्याचा सोबती पॉलस मरण्यापूर्वी त्याला म्हणाला होता, माझ्यामागे कुणी शांती मागितली तर माझ्या नावाने दे. ल्युशियनने ते शब्दशः पाळलं. चिठ्ठीत लिहिलेलं असे: अमक्याला त्याच्या माणसांसह मंडळीत घ्यावं. आपल्या लग्नाच्या आमंत्रणातलं ‘सहकुटुंब सहपरिवार’ जसं. सिप्रियनची हरकत नेमकी इथे होती. ‘त्याच्या माणसांसह’ म्हणजे कोण? उद्या वीस-तीस जण येऊन म्हणतील आम्ही नातेवाईक, आम्ही त्याने मुक्त केलेले गुलाम, आम्ही घरचे नोकर. चिठ्ठी द्यायचीच तर नाव लिहा, ज्याला तुम्ही ओळखता, ज्याचा पश्चात्ताप पाहिलाय, त्याचंच लिहा.

यावर ल्युशियनचं उत्तर आलं, सर्व कन्फेसरांच्या वतीने, फार तर चार ओळींचं. आशय असा की आम्ही सर्वांनी सर्वांना शांती दिली आहे, आणि हे इतर बिशपांनाही कळवावं. बिशपला हुकूम!

इथे आपली सहानुभूती कुठे जाते? माझी पहिल्यांदा ल्युशियनकडे गेली. उपाशी, तुरुंगात, उदार. आणि समोर सुरक्षित जागी बसून नियम सांगणारा जमीनदार. पण पत्रव्यवहार वाचत गेलो तसं मत बदललं. ल्युशियनची माफी उदार होती, पण ती कुणाकडे पाहून दिलेली नव्हती. लाच देऊन सुटलेला, छळ सोसून शेवटच्या क्षणी कोलमडलेला, आणि हसत धूप जाळून आलेला, तिघांना एकच चिठ्ठी. सिप्रियनला माणसागणिक चौकशी हवी होती, आणि ती सगळ्यांसमोर, मंडळीच्या साक्षीने. लपल्या जागेवरून त्याने आपल्या पाळकवर्गाला लिहिलं होतं की बिशप झाल्यापासून तुमच्या सल्ल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीशिवाय काही करायचं नाही असं मी ठरवलंय. शिवाय त्या काळात तो स्वतःच्या पैशातून गरिबांसाठी आणि कैद्यांसाठी रक्कम धाडत होता. म्हणजे ज्या तुरुंगातून त्याच्याविरुद्ध पत्रं येत, त्या तुरुंगातली भाकरी काही अंशी त्याच्याच पैशाची होती.

हा पैशाचा भाग धार्मिक व्याख्यानांत हळूच वगळला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो. २५१मध्ये रोमचा बिशप झालेल्या कॉर्नेलियसच्या पत्रात त्याच्या मंडळीची मोजदाद आहे: ४६ वडील, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट म्हणजे विधीतले मदतनीस, भूत काढणारे, शास्त्र वाचून दाखवणारे वाचक आणि दारवान मिळून ५२, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व निराधार १५००हून अधिक. पंधराशे पोटं! हे सगळं ज्याच्या देखरेखीखाली चालतं, त्याचा अधिकार निव्वळ उपदेशातून येत नाही. हुतात्मा मरतो आणि संत होतो. पुढच्या महिन्याचं धान्य कुणाला तरी वाटावंच लागतं. कार्थेजमध्ये पुढे साथ आली तेव्हा आजाऱ्यांची सेवा सिप्रियनने लावून दिली, बिगरख्रिस्ती आजाऱ्यांसकट. शेजारच्या नुमिडिया प्रांतातल्या बंधुभगिनींना टोळ्यांनी पळवून नेलं तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजने एक लाख सेस्टर्स (रोमन नाणी) गोळा करून दिले.

सिप्रियन चतुरही होता. कन्फेसरांशी नुसतं भांडत बसला नाही. त्यांतल्या निवडक लोकांना त्याने पाळकवर्गात घेतलं. ऑरेलियस नावाच्या तरुणाला वाचक केलं. न्युमिडिकसला वडील केलं. हा माणूस अर्धवट जळून दगडांखाली पडला होता, मेला म्हणून सोडून दिलेला, आणि मुलीने त्याला शोधून काढलं. आणि सेलेरिनस. हा रोमच्या तुरुंगात राहिलेला. यानेच ल्युशियनला कळकळीचं पत्र लिहून दोन स्त्रियांसाठी शांती मागितली होती. त्यांतली एक बळी द्यायला निघाली, मध्येच लाच देऊन परत फिरली. आणि नंतर त्या दोघींनी कार्थेजहून आलेल्या ६५ जणांची बंदरापासून सरबराई केली, असा त्याचा युक्तिवाद. चिठ्ठ्यांच्या बाजूचा हा माणूस सिप्रियनचा वाचक झाला. त्याला आणि ऑरेलियसला वडिलांइतकाच मासिक वाटा ठरवून दिला. या नेमणुका सिप्रियनने लपलेला असतानाच केल्या आणि मंडळीला नंतर कळवलं: एरवी तुम्हाला आधी विचारतो, पण इथे देवाची साक्ष आधीच झाली आहे. लोकांच्या संमतीशिवाय काही करायचं नाही, हे वचन इथे जरा वाकलं, असं मला वाटतं.

२५१च्या ईस्टरनंतर तो परतला आणि आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद भरली. निकाल मधला लागला. ज्यांनी फक्त दाखला विकत घेतला त्यांना चौकशी करून आत घ्यावं; ज्यांनी खरोखर बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावं, मरणसमयी त्यांना नाकारू नये. एक-दोन वर्षांत पुन्हा छळ होणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सर्वांनाच आत घेण्यात आलं. तरी दोन्हीकडून फाटलंच. कार्थेजमध्ये फेलिसिसिमस या डीकनभोवती सरसकट माफीवाल्यांनी वेगळी चूल मांडली, आणि रोममध्ये नोव्हेशियनने कुणालाही माफी नको म्हणत दुसरी.

बिशपचं आसन असं पक्कं झालं आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला: बिशपच्या वर कोण? फुटीर गटांत बाप्तिस्मा घेतलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? रोमचा तेव्हाचा बिशप स्टीफन म्हणाला, नको. सिप्रियन म्हणाला, द्यायचा, कारण मंडळीबाहेर बाप्तिस्माच नाही. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजमध्ये ८७ बिशप जमले. अध्यक्षपदावरून सिप्रियनने सांगितलं की आपल्यातला कुणीही स्वतःला बिशपांचा बिशप म्हणवून घेत नाही. रोमला हे नीट ऐकू गेलं असणार. स्टीफन २५७मध्ये वारला. सिप्रियनला १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजजवळ मृत्युदंड झाला. या वेळी तो पळाला नाही, आणि जल्लादाला २५ सोन्याची नाणी द्यायला सांगितली. आज कॉर्नेलियस आणि सिप्रियन यांची नावं कॅथलिक मिस्सेतल्या पहिल्या युखारिस्तिक प्रार्थनेत शेजारी-शेजारी घेतली जातात. वसईत ही प्रार्थना ऐकणाऱ्यांच्या कानांवरून ती कधी ना कधी गेली असतील.

वाद मात्र मिटला नाही. चौथ्या शतकात आणखी एका छळानंतर आफ्रिकेची मंडळी दुभंगली. त्यातल्या डोनॅटिस्ट नावाच्या फुटीर गटाचे लोक पुन्हा बाप्तिस्मा देत आणि सिप्रियनकडे बोट दाखवत. त्यांच्या विरोधातला आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याला सुमारे ४००मध्ये बाप्तिस्म्यावर सात खंड लिहावे लागले. त्यांत तो पानोपानी सांगत राहतो की या मुद्द्यावर सिप्रियन चुकला होता, पण मत वेगळं असूनही त्याने कुणाशी नातं तोडलं नव्हतं.